विंका म्हणजे आपली सदाफुली!

रत्नागिरी

प्रिय शुभा,

तुझं पत्र मिळालं. अंगणात काय लावू म्हणून विचारतेस आणि खाली नर्सरीवाल्याची यादी: विंका, बालसम, पोर्टुलाका. अगं, ही तर सगळी आपल्या परसातली मंडळी! विंका म्हणजे सदाफुली. मूळची मादागास्करची, तिच्यापासून रक्ताच्या कर्करोगावरचं औषधही काढतात. बालसम म्हणजे तेरडा. आणि पोर्टुलाका म्हणजे चिनी गुलाब. आमच्या शेजारच्या काकू त्याला 'ऑफिस टाइम' म्हणायच्या, कारण ऊन चढल्याशिवाय ही बाई उठायची नाही आणि दुपार कलली की मिटून मोकळी.

तेरडा लावच. रंग तीन दिवसांचा म्हणून त्याला उगाच बदनाम केलंय. आमच्याकडे गौर तेरड्याचीच असते, मुळांसकट उपटून आणलेली. ती मुळं म्हणजे तिची पावलं. रोपं विकत मात्र घेऊ नकोस. पिकलेल्या शेंगेला नुसतं बोट लाव, फट्कन फुटून बिया चौफेर उडतात. पुढच्या पावसात रोपंच रोपं.

कुंपणावर कृष्णकमळ चढव. माझा जीव त्याच्यावर. फूल हातात घेऊन नीट बघ: कडेची जांभळी झालर म्हणजे कौरव, त्यावर पाच पुंकेसर ते पांडव, वरचे तीन ब्रह्मा-विष्णू-महेश. काही घरांत तर याला नुसतं 'कौरव-पांडव'च म्हणतात. (कौरव मोजत बसू नकोस, शंभराचा हिशेब लागत नाही.) गंमत म्हणजे ही वेल दक्षिण अमेरिकेकडची. तिथे गेलेल्या स्पॅनिश मिशनऱ्यांना याच झालरीत येशूचा काटेरी मुकुट दिसला, पाचात त्याच्या जखमा आणि तिनात खिळे. आपल्या बायकांनी त्याच फुलात अख्खं महाभारत बसवलं. मला आपलंच जास्त पटतं, पक्षपाती म्हण हवं तर.

जास्वंद, तगर, अनंत तुला सांगायला नकोत. अबोलीला वास नाही म्हणून टाळू नकोस, गजऱ्यात तिच्याइतकं टिकणारं दुसरं नाही.

सोबतच्या पुडीत गुलबक्षीचं बी आहे. संध्याकाळी चारनंतर फुलते. एकाच झाडावर गुलाबी नि पिवळी, कधी एकाच फुलात दोन्ही रंगांचे पट्टे. बी हुबेहूब मिऱ्यासारखं दिसतं, पण विषारी असतं. पुडी स्वयंपाकघरात ठेवू नकोस आणि नातवाच्या हाती लागू देऊ नकोस.

तुझी,
माई