रविवारचे वनस्नान : वेळ बदलली आहे

सर्व सदस्यांना नमस्कार. ऊन लवकर तापू लागल्याने येत्या रविवारी आपण सातऐवजी सकाळी 6 वाजता नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर जपानी गार्डनच्या फाटकाशी जमू.

नवीन मंडळींसाठी सांगते, वनस्नान म्हणजे मॉर्निंग वॉक नव्हे. जपानच्या वनखात्याने 1982 मध्ये त्यासाठी ‘शिनरिन-योकू’ हा शब्द रूढ केला. झाडांमध्ये सावकाश वावरायचं आणि डोळे, कान, नाक, त्वचा या सगळ्यांनी जंगल आत घ्यायचं, एवढाच त्याचा अर्थ. पावलं मोजू नका. एखादं झाड निवडा, त्याच्याजवळ वीस मिनिटं बसा. सागाचं वाळलेलं पान हातात चुरून बघा, पळस फुलला असेल तर त्याखाली थांबा. सातभाई पक्ष्यांचा कलकलाट आधी नुसता गोंगाट वाटतो. दहा मिनिटांनी त्यातले वेगवेगळे आवाज कळू लागतात. मला तर हाच भाग सगळ्यात प्रिय आहे.

मागच्या वेळी निम्मा वेळ फोटोंतच गेला, त्याचं फार वाईट वाटलं. या वेळी मोबाइल बंद करून पिशवीत ठेवा, ही कळकळीची विनंती.

पाण्याची बाटली, दुपट्टा आणि बसायला चटई आणा. फुलं-पानं तोडू नका. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनीही जरूर यावं, चढायचं काहीच नाही.