आडनावातलं चिन्ह काढू नका, क्वेरी सुधारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या वसईत डिसोझा, डिमेलो ही आडनावं घरोघरी, आणि इंग्रजीत लिहिताना डी नंतर तो वरचा स्वल्पविराम, म्हणजे अॅपॉस्ट्रॉफी येतो. ऑनलाइन फॉर्म भरताना काही ठिकाणी तिथेच एरर येते, फोन केला की सांगतात चिन्ह काढून नाव टाका, लोक बिचारे काढतात. मी प्रोग्रॅमर आहे म्हणून कळकळीने लिहितेय, अशी एरर बऱ्याचदा धोक्याची घंटा असते. फॉर्ममधलं नाव डेटाबेसला, म्हणजे माहितीच्या साठ्याला, द्यायच्या हुकुमात (यालाच क्वेरी म्हणतात) तसंच चिकटवलं, की त्या चिन्हापाशी नाव संपलं असं डेटाबेसला वाटतं आणि पुढचं 'सोझा' तो हुकूम म्हणून वाचायला जातो. तिथे सोझाऐवजी कुणी खरंच कमांड टाइप केली तर अख्खं टेबल, म्हणजे सगळ्यांच्या माहितीचा तक्ता, बाहेर येऊ शकतं. एसक्यूएल ही डेटाबेसला हुकूम द्यायची भाषा, आणि एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हेच.

ब्रिटनच्या टॉकटॉक कंपनीचं २०१५ साली असंच झालं. विकत घेतलेल्या दुसऱ्या कंपनीची जुनी वेबपेजेस तशीच चालू राहिलेली, त्यातून १,५६,९५९ ग्राहकांची माहिती गेली, १५,६५६ जणांचे तर बँक डिटेल्स पण, वर ४ लाख पौंड दंड. आणि हा प्रकार १९९८ पासून जगजाहीर आहे हो!

उपाय पण तितकाच जुना. क्वेरीत व्हॅल्यूच्या, म्हणजे युजरने भरलेल्या मजकुराच्या, जागी प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि व्हॅल्यू वेगळी पाठवायची, मग डेटाबेस तिला हुकूम समजतच नाही. सर्चमध्ये दहा फिल्टर असतील, क्वेरी रनटाइमला, म्हणजे प्रोग्रॅम चालू असतानाच, बनवावी लागत असेल, तरी अटी खुशाल जोडा, व्हॅल्यू मात्र प्रश्नचिन्हानेच. अडचण एकच, सॉर्टिंगसाठी कॉलमचं नाव युजरकडून येतं आणि तिथे प्रश्नचिन्ह चालत नाही, तर चालणाऱ्या कॉलमची यादी कोडमध्येच ठेवा आणि त्याबाहेरचं काही आलं की सरळ नाकारा. स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेला तयार प्रोग्रॅम, वापरली म्हणजे सुटलो असं पण नाही, तिच्या आत मजकुराचे तुकडे जोडून क्वेरी चालवली की भोक तसंच. आणि वेबसाइट ज्या लॉगिनने डेटाबेसशी जोडली जाते त्याला टेबल ड्रॉप करायचा, म्हणजे पुसून टाकायचा, अधिकार कशाला द्यायचा?

खरा राग येतो तो कॉलेजच्या प्रॅक्टिकल जर्नल्सचा. लॉगिन पेजच्या प्रॅक्टिकलमध्ये युजरनेम आणि पासवर्ड अधिकच्या चिन्हाने क्वेरीत चिकटवलेले मी स्वतः पाहिलेत, मुलं तेच उतरवतात, सही मिळते, आणि नोकरीला लागल्यावर हात तसेच चालतात. शिक्षकांना विनंती, पुढच्या टर्मपासून अशा क्वेरीवर सही करू नका, त्याच तासाला प्रश्नचिन्हवाली लिहून घ्या.

आपली,
एक वाचक, वसई