लाइनवर रिलीव्हर देणाऱ्या मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या शिलाई विभागातल्या बायकांसाठी तुम्ही जे केलंत, त्याबद्दल आम्हा स्तनपान सल्लागारांकडून मनापासून आभार. हिरकणी कक्षाची, म्हणजे आयांसाठी दूध पाजायच्या-काढायच्या खोलीची, फीत सगळीकडे कापली जाते, आणि थोड्याच दिवसांत तिथे स्टेशनरीचे खोके येऊन बसतात. तुम्ही खोलीच्या आधी रिलीव्हर नेमलात, म्हणजे आई दूध काढायला उठली की तिच्या मशीनवर बसणारी बदली बाई.

मशीन सोडलं की पुढच्या टेबलावर माल अडतो आणि बोलणी तिलाच बसतात, म्हणून बाई उठतच नाही. दर तीनेक तासांनी दूध निघालं नाही तर छाती दगडासारखी घट्ट होते, गाठ धरते, कधी तापही येतो. शिवाय साचून राहिलेल्या दुधामुळेच नवं दूध कमी तयार होतं. मग घरचे म्हणतात, ‘हिला दूधच पुरत नाही’, आणि वरचं दूध सुरू होतं. रिलीव्हर देऊन त्या वेळेचं टार्गेटही तुम्ही कमी केलंत, तिथेच निम्मं काम झालं.

2017 पासून पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची रजा आहे. पण त्यातले 8 प्रसूतीआधी घेतले, तर आई परतते तेव्हा बाळ 18 आठवड्यांचं, म्हणजे जेमतेम चार महिन्यांचं असतं. निव्वळ अंगावरचं दूध हवं सहा महिने. पाळणाघर तुमच्याकडे आहेच, पण तान्ह्याला घेऊन शेअर रिक्षातून येणं सगळ्यांना जमत नाही. त्यांच्यासाठी दूध काढून नेणं हाच मार्ग.

तुमच्या कक्षात पाठ टेकायची खुर्ची आहे, आतून कडी आहे, बेसिन आहे. सगळ्यांत मिळून दूध काढायचा एकच पंप होता, तसा वाटून वापरणं स्वच्छतेला धरून नाही, म्हणून तो तुम्ही काढलात हे फार बरं केलंत. हात साबणाने धुऊन, अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या कडेशी ठेवून आधी छातीकडे दाबायची, मग चिमटायची. हातानेही पुरेसं दूध निघतं. झाकणाच्या स्टीलच्या डब्यावर नाव आणि वेळ लिहून तो फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवायचा, दारात नाही. दार उघडझाप होऊन तिथलं तापमान बदलत राहतं. फ्रिजबाहेर दूध चार तास टिकतं, कडक उन्हाळ्यात त्याहून कमी. घरी न्यायचं तर बर्फाच्या पिशवीसोबत.

पाजताना डबा कोमट पाण्यात ठेवायचा. उकळायचं नाही, मायक्रोवेव्ह तर नकोच. वर सायीचा थर आला म्हणून दूध नासलं असं समजून ते ओतून देऊ नये. हलकेच हलवलं की मिसळतं. आजींना हे सांगून ठेवावं, आणि बाटलीऐवजी वाटी-चमचा द्यावा.

कंत्राटी बायकांची नावंही तुम्ही रिलीव्हरच्या यादीत घेतलीत, त्याचे वेगळे आभार. रात्रपाळीची यादी तेवढी अजून राहिली आहे. तीही लावून घ्यावी, ही विनंती.

आपल्या,
स्तनपान सल्लागार