गिअरबॉक्स उतरवण्याआधी वाटीभर पाणी ठेवून बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी एसटीच्या विभागीय कार्यशाळेतून प्रमुख कारागीर म्हणून निवृत्त झालो. आयुष्य क्लच, गिअरबॉक्स आणि ग्रीसमध्ये गेलं. तरीही माझ्याच गाडीत मला फसवलं गेलं, हे आधीच कबूल करतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे डोळ्याला धूळ लागू द्यायची नव्हती, म्हणून गाडी मुलाबरोबर गॅरेजला पाठवली. एरवी मी मिस्त्रीच्या डोक्याशी उभा राहिलो असतो.

गाडी डिझेल, पाच गिअरची, १ लाख ३० हजार किलोमीटर झालेली. इंजिन बंद करताना खालून 'खडाड' असा आवाज यायचा. हे दुहेरी फ्लायव्हील (इंजिन आणि क्लच यांच्यामधलं जड चाक) थकल्याचं ओळखीचं लक्षण. आताच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत फ्लायव्हील एकसंध नसतं. त्याचे दोन भाग असतात, एक क्रँकला (इंजिनच्या फिरत्या दांड्याला) बसवलेला आणि दुसरा क्लचच्या बाजूचा, मधे ग्रीसमध्ये बुडालेल्या लांब स्प्रिंगा. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर नुसतं उभं असलं तरी तेवढ्यात १,६०० धक्के देतं. ते धक्के गिअरपर्यंत जाऊ नयेत म्हणून ही सोय. स्प्रिंगा सैल पडल्या की खडखड सुरू.

गॅरेजवाल्यानं मुलाला सांगितलं, "ओरिजिनल महाग पडेल. सॉलिड फ्लायव्हील टाकू, कायमची कटकट मिटेल." सॉलिड टाकणं हा काही गुन्हा नाही. फक्त त्याबरोबर मधोमध स्प्रिंगा असलेली क्लच प्लेट लागते, नाहीतर सगळे धक्के थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर जातात. ती प्लेट त्यानं बरोबर टाकली होती, तेवढं श्रेय त्याला देतो. पैसे झाले २८,५००. बिलावर एकच ओळ: 'क्लच काम'.

आठ दिवसांनी पुण्याहून येताना खंबाटकी चढताना गिअरची दांडी हाताला झिणझिण्या देऊ लागली. इंजिन नुसतं चालू असताना काही नाही, दीड हजार फेऱ्यांना किंचित, अडीच हजाराच्या पुढे गेलं की दाराचं प्लास्टिकसुद्धा कुरकुरायचं. गॅरेजवाल्यानं पाच मिनिटं चालवून निकाल दिला: गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलं, ५५ हजार धरून चाला. त्यानं ना काही खोललं होतं, ना काही मोजलं होतं.

घरी आलो, गाडी अंगणात लावली, चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला. गिअरच्या दांडीशेजारी सपाट जागा होती तिथं वाटीभर पाणी ठेवलं. (वाटी देवपूजेची निघाली, त्यावरून घरात जे व्हायचं ते झालं.) आधी न्यूट्रलला, क्लच न दाबता, इंजिन अडीच हजारावर नेलं. पाण्यावर बारीक वर्तुळं थरथरू लागली. मग क्लच पूर्ण दाबला, पहिला गिअर टाकला, परत अडीच हजार. तीच वर्तुळं, तशीच.

आता विचार करा. गाडी उभी, गिअर पडलेला, क्लच दाबलेला, म्हणजे गिअरबॉक्समधलं एकही चाक फिरत नाही. जे फिरतच नाही ते थरथर कशी करणार? दोष क्लच प्लेटच्या अलीकडे, इंजिनच्या बाजूला. गिअरबॉक्स निर्दोष. या एका निदानाला मला दोन मिनिटं लागली आणि ५५ हजार वाचले. वाचकांनी करून बघायचं तर न्यूट्रलवरच करा, एकदा क्लच सोडून, एकदा दाबून. गिअरमध्ये पाय सटकला तर गाडी उडी मारते.

अलीकडे तरी नेमकं काय? इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग) बिघडला असता तर थरथर नुसत्या उभ्या इंजिनलाच जास्त जाणवली असती, इथं उलट होतं. इंजिन ज्यावर टेकतं ते फाउंडेशनचे रबर बघितले, ठीक होते. अल्टरनेटरचा पट्टा काढून अर्धा मिनिट इंजिन चालवलं, फरक शून्य. उरलं फ्लायव्हील आणि त्यावरची, क्लच प्लेट दाबून धरणारी प्रेशर प्लेट.

एका जुन्या सहकाऱ्याच्या शेडमध्ये गिअरबॉक्स खाली घेतला. पहिली गोष्ट दिसली ती बोल्ट. फ्लायव्हीलचे जुनेच बोल्ट परत कसले होते. पुष्कळ इंजिनांत हे बोल्ट कसताना ताणले जाणारे असतात, एकदा काढले की टाकून द्यायचे. डायल गेज लावून तोंडाचा डुगडुगाट मोजला, तो ठीक निघाला. मग फ्लायव्हील हातात घेतलं. मूळच्या फ्लायव्हीलच्या कडेला तोल साधण्यासाठी पाडलेली उथळ भोकं होती. याच्यावर एकही नाही. निव्वळ भोकं नसणं हा पुरावा नव्हे, एखादं जन्मतःच तोलात असू शकतं. म्हणून एमआयडीसीत क्रँक ग्राइंडिंग करणाऱ्याच्या बॅलन्सिंग मशीनवर चढवलं. आधी एकटं, मग प्रेशर प्लेट लावून. दोन्ही वेळा जड बाजू तीच. मध्यापासून १२ सेंटिमीटरवर सुमारे २० ग्रॅम जास्त.

वीस ग्रॅम म्हणजे काय, असं गॅरेजवाला मला हसत म्हणाला. त्याला हिशेब करून दाखवला. ३,००० फेऱ्यांवर ते वीस ग्रॅम जवळजवळ २४ किलोच्या जोरानं क्रँकला बाहेर ओढतात, आणि ही ओढ सेकंदाला ५० वेळा दिशा फिरवते. फेऱ्या निम्म्या केल्या की ओढ चौथाईवर, म्हणजे सहा किलोवर येते. म्हणूनच गाडी दारात गप्प आणि घाटात थरथरत होती. मशीनवाला म्हणाला, "भोक पाडून तोल जमवून देतो." मी नको म्हटलं. त्या फ्लायव्हीलवर ना बनवणाऱ्याचं नाव होतं, ना पार्ट नंबर. बीड (ओतीव लोखंड) कसलं, कुणी ओतलं, कुणाला ठाऊक? फ्लायव्हील वेगात फुटलं तर बेल हाउसिंग (त्याच्यावरचं कवच) फाडून बाहेर येतं, आणि त्याच्या मागे चालवणाऱ्याचे पाय असतात. नाव-नंबर असलेलं नवं घेतलं, बोल्ट नवे घेतले, मजुरी परत भरली. वाटीतलं पाणी आता निवांत आहे.

हे लिहायचं कारण माझे पैसे नाहीत. बाहेरचा स्पेअर पार्ट वाईटच असतो असंही माझं म्हणणं नाही, एसटीत आम्ही कितीतरी बाहेरचे पार्ट वापरले. पण खोक्यावर नाव असायचं आणि बसवण्याआधी कुणीतरी मोजायचं. इथं पार्ट कुठला ते मालकाला माहीत नाही, बसवणाऱ्याला माहीत नाही, आणि बिघाड झाला की दोष शेजारच्या, त्याहून महागड्या पार्टवर. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. 'क्लच काम' या दोन शब्दांना बिल म्हणायचं का? पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी लागत नाही, आणि १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पण तक्रारीत पार्टचं नाव लिहायला तरी ते बिलावर हवं ना! गॅरेजवाल्यांच्या संघटनांनी एवढं ठरवावं: बिलावर बनवणाऱ्याचं नाव आणि पार्ट नंबर, आणि काढलेला जुना पार्ट गाडीमालकाच्या डिकीत.

गॅरेजवाल्यानं त्या फ्लायव्हीलची अर्धी किंमत परत केली, "काका, तुम्ही एसटीवाले फारच बारीक बघता" असं म्हणत. बाकी अर्धी मी सोडून दिली. फक्त बिल नीट लिहून मागितलं आहे. दोन महिने झाले, अजून मिळालेलं नाही.

आपला वाचक,
एक निवृत्त प्रमुख कारागीर, सातारा