पडवीतल्या सूक्ष्मदर्शकाबद्दल, काका, मनापासून आभार

आदरणीय काका,

तोंडावर आभार मानले की तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणता, चहा मागवता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हे पत्र उघडच लिहितेय. आपल्या वाड्याने, म्हणजे सगळ्या वस्तीने वाचावं, गोव्यातल्या आपल्या डिचोलीबाहेरच्यांनीही वाचावं.

गेल्या पावसाळ्यात वाड्यात डेंग्यूचे रुग्ण निघाले तेव्हा सगळ्यांचा एकच धोशा होता, धूर मारा. धूर मारूनही झाला. तुम्ही मात्र निवृत्तीनंतर कपाटात गेलेला तुमचा सूक्ष्मदर्शक पडवीत खिडकीपाशी मांडलात आणि निरोप धाडलात: घरच्या पाण्यात वळवळणारं काही दिसलं तर बाटलीत भरून घेऊन या. धुराने मरतो तो उडणारा डास, पाण्यातल्या अळीला त्याचा पत्ताही लागत नाही, हे तुम्ही सांगत होतात. कानांनी ऐकलं सगळ्यांनीच. पटलं ते भिंगाला डोळा लावल्यावर.

खरं तर भिंगाच्या आधी तुम्ही बाटल्याच बघायला लावल्यात. विहिरीच्या पाण्यातली अळी पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली. तिला श्वासाची नळी नसतेच. ती ॲनॉफिलीस, हिवतापवाल्यांची जात. गटारातली क्युलेक्स लांब नळी वर लावून तिरकी लोंबकळणारी. आणि आमच्या कुंड्यांखालच्या ताटल्यांतली आखूड, जाड नळीची, जवळजवळ उभीच लटकणारी, ती एडिस, डेंग्यूवाल्यांची जात. म्हणजे डेंग्यूचा संशय गटारावर आणि खरा कारखाना आमच्या तुळशीच्या, जास्वंदीच्या कुंड्यांखाली!

मग काचेवर थेंबभर पाणी, जास्तीचं टिपकागदाने टिपून घेतलेलं, म्हणजे अळी फार वळवळत नाही. चाळीस पटीत ती एवढी पारदर्शक दिसेल असं वाटलं नव्हतं. अंगभर दोन चंदेरी नळ्या, हवेने भरलेल्या, थेट शेपटाकडच्या श्वासनळीपर्यंत गेलेल्या. मधोमध काळपट आतडं, त्यातलं खाणं पुढे सरकताना दिसणारं. तोंडापाशी केसांचे दोन झुबके सतत पाणी ओढत होते. शेजारची वहिनी ‘शी’ म्हणत वाकली आणि पुढची दहा मिनिटं उठलीच नाही, मागे रांग लागली तरी.

शंभर पटीत तुम्ही अळीच्या पोटाच्या आठव्या खंडावरचे दाते दाखवलेत. एका ओळीत मांडलेले, प्रत्येक दात्याच्या मधल्या काट्याला दोन्ही बाजूंनी टोकं, अगदी त्रिशूळ. तो एडिस इजिप्ती. भाटातल्या, म्हणजे माडांच्या बागेतल्या करवंटीत सापडलेल्या अळीचे दाते साधे, एकेका काट्याचे, तो एडिस अल्बोपिक्टस. डेंग्यू दोघेही पसरवतात, पण एक घरात घुसून राहणारा आणि दुसरा झाडाझुडपांतला. त्यामुळे कोणी घरात शोधायचं आणि कोणी कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, हे त्या दात्यांवरून ठरलं.

कुळागरातल्या पोफळीच्या गळलेल्या पोवलीत, म्हणजे पानाच्या देठाच्या रुंद आवरणात, पाणी साचतं, हे आम्हांला माहीत होतं. त्यात कोण राहतं ते नव्हतं. तिथली ती मोठी, तांबूस अळी मी तरी जन्मात विसरणार नाही. शेजारच्या बारक्या अळीला तिने धरलं आणि गिळत बसली. हत्तीडास म्हणालात तुम्ही. मोठा झाल्यावर मादीसुद्धा रक्त पीत नाही, फुलांच्या मधावर भागवते. ती पोवली तुम्ही ओतू दिली नाहीत.

२० ऑगस्टला पोरांना जमवून तुम्ही रोनाल्ड रॉसची गोष्ट सांगितलीत. १८९७ साली सिकंदराबादेत याच दिवशी त्याला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला. नोकरीभर रक्ताच्या स्लाइडी तपासलेल्या माणसाच्या तोंडून ती ऐकणं वेगळंच होतं.

आता फरक सांगते. पूर्वी आम्ही पिंपं नुसती ओतायचो. एडिस पाण्याच्या रेषेच्या वर, भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती महिनोन्‌महिने कोरडी टिकतात, हे कळल्यापासून दर रविवारी काथ्याने घासून काढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा पुरतो, म्हणून आठवड्याचीच पाळी. विहिरीत गप्पी मासे सोडले. सगळ्यांत अवघड होती ती बंद घरं. मालक मुंबईला, कुलूप दाराला, आणि आत संडासाच्या टाकीत नि कमोडमध्ये पाणी. एडिस फार लांब उडत नाही, तेव्हा आपल्याला चावणारा डास बहुधा इथलाच, हे तुम्ही फोनवर एकेका मालकाला समजावलंत आणि बहुतेकांनी किल्ल्या शेजाऱ्यांकडे ठेवल्या. एक-दोघे अजून मानत नाहीत. गणेश चवथीला येतीलच. त्यांच्याच टाकीतलं पाणी बाटलीत भरून त्यांना तुमच्या पडवीत पाठवते; सूक्ष्मदर्शक तेवढा पुसून ठेवा.

तुमची,
वरच्या वाड्यातली शेजारीण