तीन जिवांचा भाडेपट्टा

संपादक साहेब, नमस्कार. आमचे जावई आयर्लंडचे, त्यांची वंशावळ शोधायला बसलो तर पहिल्याच पावलाला ठेच, कारण 1922 साली डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीतलं सरकारी दफ्तर जळालं आणि 1821 ते 1851 च्या बहुतेक जनगणना, मृत्युपत्रं वगैरे गेलंच. पण रजिस्ट्री ऑफ डीड्स, म्हणजे जमिनीचे दस्त नोंदवायची कचेरी, बचावली, ती 1708 पासून चालू आहे, आणि तिथल्या दस्तांचे गोषवारे आता घरबसल्या फुकट बघता येतात!

मला सगळ्यात भारी वाटला तो 'तीन जिवांचा' भाडेपट्टा. म्हणजे मुदत वर्षांत नाही, दस्तात तीन माणसांची नावं, तिघांतला शेवटचा जाईपर्यंत जमीन तुमची. मग लोक हुशारीने आपली लहान पोरं लिहायचे, "दुसरा मुलगा, वय अंदाजे 8" असं, आणि आपल्याला आयतं नातं आणि वय मिळतं. कॅथलिकांना मात्र 1778 पर्यंत 31 वर्षांच्या वर पट्टाच नाही.

एक गंमत, नावांची सूची फक्त जमीन देणाऱ्याची, घेणाऱ्याची नाहीच, त्यामुळे आधी जमीनदार किंवा गाव शोधा. आणि साध्या कुळांचे पट्टे सहसा नोंदवलेच जायचे नाहीत, आमच्या जावयांचे पूर्वज बहुतेक त्यातलेच निघणार असं दिसतंय.

– एक वाचक, पुणे