लिम्फोमात डावा खांदा दुखला तर गॅस समजू नका

संपादक साहेब, स.न.वि.वि.

लिम्फोमावर (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) पेपरात येतं ते सगळं माने-काखेतल्या गाठींचं, पाणथरीबद्दल (म्हणजे प्लीहा, डाव्या बरगड्यांखालचा अवयव) कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. माझ्या मामांना नॉन-हॉजकिन लिम्फोमा, ना कुठे पडले ना आपटले, एका रात्री अचानक डाव्या बरगडीखाली कळ आली आणि डावा खांदापण दुखायला लागला, जवळच्या दवाखान्यात गॅसचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. सकाळी घाम, चक्कर, बीपी एकदम खाली. सोनोग्राफी केली तर पोटात रक्त, पाणथरी आपोआप फुटलेली!

एरवी जेमतेम 150 ग्रॅमचा हा अवयव, पण कॅन्सरच्या पेशी भरल्या की सुजतो आणि वरचं पातळ आवरण ताणून फाटू शकतं. खांदा का दुखतो, तर सांडलेलं रक्त छाती-पोटामधल्या पडद्याला लागतं आणि त्या पडद्याची नस येते मानेतून, डॉक्टर लोक याला केर साइन म्हणतात. पाणथरी अशी फुटणं क्वचितच होतं, मान्य, पण उशीर झाला तर माणूस जातो. मामांची पाणथरी काढली, वाचले, आता पाणथरी नाही म्हणून जंतुसंसर्ग टाळायला न्यूमोनियाची लस वगैरे सांभाळावं लागतं. केमोच्या फाईलवर ही लक्षणं मराठीत छापायला काय हरकत आहे?

— आपला एक वाचक